लाल कोळी, त्याच्या पेशींतले जिवाणू आणि नर-माद्यांचा हिशेब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वांग्याचं पान उलटं करून भिंगाखाली धरलं की बहुतेक जण विचारतात, "यावर कुठलं औषध मारायचं?" त्याचं उत्तर कृषी सहायक माझ्यापेक्षा चांगलं देतील. मी काही काळ तुतीच्या पानांवर हे कोळी वाढवले, त्यांच्या जोड्या लावल्या, अंडी मोजली. त्या काळात कोळ्यांइतकंच त्यांच्या पेशींत राहणाऱ्या जिवाणूंनी मला छळलं. तेव्हापासून विद्यार्थी आणि शेतकरी मित्र जे प्रश्न विचारत आले, ते इथे एकत्र केले आहेत.

कोळी म्हणजे जाळं विणणारा तोच ना?

तो नव्हे. आपल्या भाषेत या एका शब्दावर फारच ओझं पडलंय. छताच्या कोपऱ्यातला कोळी, समुद्रात होडी घालणारा कोळी आणि पिकावरचा कोळी, तिघेही वेगळे. पिकावरचा कोळी हा आठ पायांचा, जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचा जीव. इंग्रजी शिकलेले लोक त्याला माइट म्हणतात. भेंडी, वांगी, पपई आणि पॉलिहाउसमधल्या गुलाबावर येणारा लाल कोळी बहुधा टेट्रॅनिकस वंशातला असतो. त्यातला सगळ्यात अभ्यासलेला म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी, टेट्रॅनिकस अर्टिकी. तोही बारीक जाळी करतो, त्यामुळे नावाचा गोंधळ आणखी वाढतो. गोचीड, धुळीतले माइट आणि खरजेचा किडा ही सगळी याचीच भावकी.

त्याच्या शरीरात कोणते जिवाणू असतात?

आतड्यात येऊन-जाऊन असणारे पुष्कळ असतात. त्यांच्याबद्दल इथे बोलायचं नाही. इथे विषय आहे पेशीच्या आत कायमचा मुक्काम ठोकून बसणाऱ्यांचा. त्यात दोन नावं सारखी येतात, वोल्बाकिया आणि कार्डिनियम.

वोल्बाकिया पहिल्यांदा डासात सापडला. 1924 मध्ये हर्टिग आणि वोल्बाक यांनी क्युलेक्स डासाच्या पेशींत तो पाहिला आणि 1936 मध्ये हर्टिगने त्याला आपल्या सहकाऱ्याचं नाव दिलं. पुढे हर्टिगचं ऋणही फेडलं गेलं, कारण 2004 मध्ये कार्डिनियमचं बारसं झालं तेव्हा त्याचं पूर्ण नाव कार्डिनियम हर्टिगिआय असं ठेवलं. नावं अशी जोडलेली असली तरी या दोन जिवाणूंचं आपसात काही नातं नाही. त्यांचे कुळवृक्ष फार दूरचे आहेत. तरीही दोघांनी कोळ्याच्या प्रजननात साधारण सारख्याच खोड्या काढाव्यात, ही मला यातली सगळ्यात विचित्र गोष्ट वाटते.

जिवाणूला कोळ्याच्या संसारात नाक खुपसायची गरजच काय?

याचं उत्तर समजलं की पुढची सगळी उत्तरं आपोआप लागतात, म्हणून जरा थांबून वाचा.

हा जिवाणू मोकळ्या हवेत जगत नाही. एका कोळ्यातून शेजारच्या कोळ्यात सर्दीसारखा पसरतही नाही, निदान रोजच्या व्यवहारात तरी नाही. त्याचा रस्ता एकच, आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत. अंड्यात भरपूर पेशीद्रव असतं, तिथे त्याला जागा मिळते. शुक्रपेशी म्हणजे जवळजवळ नुसती गुणसूत्रांची पुडी, तिच्यात बिऱ्हाड मांडायला जागाच नाही. म्हणजे जिवाणू मुलीत गेला तर नातीत जाईल, पणतीत जाईल. मुलात गेला तर त्या मुलाबरोबर त्याचाही शेवट.

आपल्याकडे मुलाला वंशाचा दिवा म्हणायची वाईट खोड आहे. वोल्बाकियाचं बरोबर उलट असतं. त्याच्या वंशाचा दिवा मुलगी, आणि मुलगा म्हणजे बंद गल्ली. त्यामुळे जिवाणूग्रस्त माद्यांना इतर माद्यांपेक्षा जास्त मुली होतील अशी कोणतीही युक्ती त्याच्या फायद्याची. एक तर मुलांना मुली करायचं, नाहीतर नराशिवायच मुली होतील असं बघायचं. तेही जमत नसेल, तर ज्यांच्यात आपण नाही अशा माद्यांची अंडी नासवायची. कोळ्यांत या तिन्ही तऱ्हा सापडतात.

लाल कोळ्यात नर आणि मादी ठरतात कशा?

मधमाशीसारख्याच. अंडं फळलं तर मादी, न फळता घातलं तर नर. दोन ठिपक्यांच्या कोळ्यात मादीला सहा गुणसूत्रं, म्हणजे आई-बापाचे दोन संच. नराला तीनच, फक्त आईची. त्याला बाप नसतो, पण आजोबा असतो. वर्गात हे वाक्य टाकलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

मादीला नर भेटलाच नाही तरी ती अंडी घालत राहते, फक्त त्यातून सगळे नर निघतात.

पेशीद्रवीय विसंगती हे काय प्रकरण आहे?

नाव ऐकून घाबरू नका. दोन ताटल्या डोळ्यांसमोर आणा. ओल्या कापसावर तुतीच्या पानाची रुपयाएवढी चकती. तिच्यावर एक मादी, अजून शेवटची कात न टाकलेली, म्हणजे कोरी असल्याची खात्री. सोबत एक नर. पहिल्या ताटलीत दोघेही जिवाणू नसलेले. दुसऱ्या ताटलीत मादी जिवाणू नसलेली, नर मात्र वोल्बाकियाग्रस्त. भिंगातून दोन्हीकडे सगळं सारखंच दिसतं. मीलन होतं, मादी पानाच्या शिरेजवळ अंडी घालते. सुरुवातीला अंडं पाण्याच्या थेंबासारखं नितळ, मग पेंढ्याच्या रंगाचं, आणि फुटण्याआधी आतून दोन तांबडे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे.

चौथ्या-पाचव्या दिवशी फरक कळतो. पहिल्या ताटलीत टरफलंच टरफलं. दुसरीत काही अंडी फुटलेली आणि काही तशीच पडलेली, मधे चेपलेली. वाढवून पाहिलं तर जगलेल्यांत नरांचं प्रमाण नको तितकं जास्त. कारण सरळ आहे. न फळलेल्या अंड्यात बापाचं काहीच येत नाही, म्हणून मुलगे सुखरूप. फळलेल्या अंड्यात बापाची गुणसूत्रं येतात, आणि ती जिवाणूने आधीच बिघडवून पाठवलेली असतात. अंड्यात तोच जिवाणू असेल तर तो हा बिघाड दुरुस्त करतो. नसेल तर मुलगी मरते. विष आणि उतारा एकाच दुकानात ठेवण्यासारखंच हे.

उलट जोडी लावली, म्हणजे मादी ग्रस्त आणि नर साधा, तर काहीही बिघडत नाही. दोघेही ग्रस्त असले तरी नाही. चारपैकी एकाच जोडीत घात होतो, आणि त्यात नुकसान नेहमी जिवाणू नसलेल्या मादीचं. यालाच पेशीद्रवीय विसंगती म्हणतात. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं की जिवाणू वसाहतीत फैलावतो, एकाही कोळ्याचं भलं न करता.

दोन ठिपक्यांच्या कोळ्यात आणि त्याच्या एका जवळच्या जातीत ब्रूवर या संशोधकाने हे 1997 मध्ये दाखवलं. कार्डिनियमही कोळ्यांत हाच उद्योग करतो, हे 2007 मध्ये जपानच्या गोतोह आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. वोल्बाकियातली यामागची जनुकं 2017 मध्ये माशी आणि डासाच्या अभ्यासातून हाती लागली. कार्डिनियमने हीच किमया स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने साधलेली दिसते.

मुली मरतात म्हणता, पण काही जगतातही. त्या ठीक असतात का?

वरून ठीक. गंमत, किंवा दुर्दैव म्हणा, पुढच्या पिढीत असतं. बहुतेक प्राण्यांत गुणसूत्राला एकच गाठ असते, पेशी विभागताना धागे तिथेच पकडतात. तुकडा पडला आणि त्यात गाठ नसली तर तो हरवतो. कोळ्यांच्या गुणसूत्राला अशी एक जागा नसते. धागा अंगभर कुठेही पकडू शकतो. त्यामुळे बिघडलेल्या गुणसूत्राचे तुकडेही पुढच्या पेशीत ओढले जातात. मुलगी जगते, पण तिच्या वाट्याला मोडकंतोडकं सामान येतं. मग तिचे मुलगे, म्हणजे एकाच संचावर जगणारे नातू, अंड्यातच मरतात. यावर 2000 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हाला आणि सहकाऱ्यांनी लिहिलं.

प्रयोग करणाऱ्याने यातून घ्यायचा धडा: पहिल्या पिढीची अंडी मोजून वही मिटू नका. मी मिटली होती. "फरक नाही" असं लिहून मोकळा झालो आणि नंतर सगळं पुन्हा करावं लागलं.

हे प्रत्येक वसाहतीत दिसतं का?

नाही. काही वाणांत जिवाणू आहे, पण अंड्यांवर परिणाम जवळजवळ शून्य. काहींत परिणाम जोरदार. जिवाणूचा प्रकार, कोळ्याचा स्वतःचा वाण, तापमान, जोडीला दुसरा जिवाणू आहे की नाही, सगळ्यांचा हात असतो. एकाच कोळ्यात वोल्बाकिया आणि कार्डिनियम दोघंही नांदताना चीनमधल्या वसाहतींत सापडले आहेत.

मादीला कळतं का, कोणता नर टाळायचा ते?

अ‍ॅमस्टरडॅमच्याच गटाने 2004 मध्ये प्रयोग केला, त्यात जिवाणू नसलेल्या माद्यांचा कल जिवाणू नसलेल्या नरांकडे दिसला. हे कशावरून ओळखतात, वास की आणखी काही, यावर मी इथे अंदाज बांधत नाही.

नर नसलेली कोळ्याची जात असते असं ऐकलं. खरं?

खरं, आणि हा या विषयातला माझा सर्वांत लाडका किस्सा.

ब्रेव्हिपाल्पस नावाचे चपटे, तांबूस, अत्यंत संथ कोळी असतात. चहाच्या मळ्यात त्यांचा उपद्रव होतो, आणि ब्राझीलच्या संत्रीबागांत लेप्रोसिस नावाच्या विषाणूरोगाचा प्रसार हेच करतात. या कोळ्यांत नर क्वचितच दिसतात. नराशिवाय चालणाऱ्या जाती निसर्गात पुष्कळ आहेत, त्यात नवल नाही. पण त्या माद्यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. 1980 मध्ये डच संशोधकांनी ब्रेव्हिपाल्पसच्या माद्यांची गुणसूत्रं मोजली तर भरली फक्त दोन. दोन संच नव्हेत, दोन गुणसूत्रं, म्हणजे एकच संच. एका संचाचा प्राणी या भावकीत नर असायला हवा. इथे तो मादी होऊन अंडी घालत होता.

कोडं सुटायला वीस वर्षं गेली. वीक्स, मारेक आणि ब्रूवर यांनी 2001 मध्ये या कोळ्यांना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं. जिवाणू मेला आणि पिल्लांत नर निघू लागले. म्हणजे त्या सगळ्या माद्या जनुकांच्या हिशेबाने नरच होत्या. कार्डिनियमने त्यांना मादी करून ठेवलं होतं. अख्खी जात एका जिवाणूच्या इच्छेवर मादी झालेली. बापाचा संच कायमचा हद्दपार, आणि पूर्ण वाढलेला प्राणी एकाच संचावर पिढ्यान्‌पिढ्या चालतोय.

एक सावधगिरी. ब्रेव्हिपाल्पस फिनिसिस या एका नावाखाली अनेक जाती दडल्या होत्या, त्या 2015 मध्ये वेगळ्या केल्या गेल्या. त्यामुळे जुन्या लेखांत हे नाव आलं की आज ती नेमकी कोणती जात म्हणायची, हे तपासूनच उतरवून घ्या.

आणखी कुठे नराशिवाय मुली होतात?

ब्रायोबिया वंशातल्या गवतावरच्या कोळ्यांत. तिथे वोल्बाकिया न फळलेल्या अंड्यातून दोन संचांची मादी घडवतो. पण प्रत्येक नरविरहित जातीमागे जिवाणूच असतो असं समजू नका. जमिनीतल्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या कवचधारी कोळ्यांच्या कित्येक जाती फार जुन्या काळापासून अशाच चालत आल्या आहेत.

उष्णतेने हे जिवाणू मरतात का? आपल्याकडे तर उन्हाळा कडक.

प्रयोगशाळेत मरतात. दोन ठिपक्यांचे कोळी 32 अंश सेल्सियसला चार पिढ्या वाढवले तेव्हा 71 टक्के कोळी वोल्बाकियामुक्त निघाले आणि सहा पिढ्यांत सगळेच. हा 1999 चा प्रयोग. 32 अंश म्हणजे अकोल्यात पावसाळ्यातलाही आकडा, हे मला माहीत आहे. पण पानाच्या खालच्या बाजूला सावली असते, ओल असते, रात्री पारा उतरतो. प्रयोगशाळेतलं 32 म्हणजे रात्रंदिवस 32. शेतातलं तापमान तसं नसतं, म्हणून थेट तुलना करू नका.

हे जिवाणू कधी उपकार करतात की नुसतेच उपद्रवी?

करतातही. मेटासेय्युलस ऑक्सिडेंटॅलिस या शिकारी, म्हणजे इतर कोळ्यांना खाणाऱ्या कोळ्यात कार्डिनियम असलेल्या माद्यांनी जास्त अंडी घातल्याचं 2004 मध्ये नोंदवलं गेलं. गोचिडांत तर पारडं पूर्ण उलटं आहे. रक्तात ब जीवनसत्त्वं फार कमी असतात. गोचीड जन्मभर रक्तावरच जगते, मग ही जीवनसत्त्वं आणणार कुठून? काही जातींत ती तिच्या पेशींतले जिवाणू तयार करून देतात. ते जिवाणू काढून टाकले तर गोचिडीची वाढ आणि अंडी, दोन्ही खुंटतात.

स्क्रब टायफसचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि महाराष्ट्राने तो जवळून पाहिलाय. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण आणि मृत्यू झाले तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. अंगावर काळी खपली, ताप, डोकेदुखी. वेळेत ओळखलं तर डॉक्सिसायक्लिनने उतरतो. तो करणारा जिवाणू ओरिएंशिया सुत्सुगामुशी. तो येतो लेप्टोट्रॉम्बिडियम वंशातल्या कोळ्याच्या पिल्लातून, ज्याला चिगर म्हणतात.

आता या चिगरचं आयुष्य बघा. अंड्यातून निघालेलं पिल्लू आयुष्यात एकदाच उंदराला, घुशीला किंवा माणसाला चिकटतं. एक जेवण झालं की जमिनीवर उतरतं. पुढचं सगळं आयुष्य मातीत, बारीक किड्यांची अंडी खात. पुन्हा प्राण्याला चावतच नाही. मग एका उंदराकडून घेतलेला जिवाणू दुसऱ्यापर्यंत पोचवणार कसा? त्या पिल्लाला ती संधी उरत नाही. म्हणून ओरिएंशियाची खरी भिस्त आईच्या अंड्यावर. आजारी उंदीर नसला तरी कोळ्यांच्या पिढ्यांतून तो टिकून राहतो.

आणि जिथे आईच्या अंड्यावर भिस्त, तिथे मुलींचं प्रमाण बिघडणार, हे तुम्ही आता ओळखलं असेलच. 1970 च्या दशकात क्वालालंपूरमध्ये वाढवलेल्या ओरिएंशियाग्रस्त वसाहतींत जवळजवळ सगळी पिल्लं माद्या निघाली. जिवाणू नसलेल्या वसाहतींत नर-मादी दोघेही होते. मात्र ही करामत ओरिएंशियाचीच की त्याच पेशीत राहणाऱ्या दुसऱ्या कुणाची, हे वेगळं करून दाखवावं लागतं. दोन भाडेकरू एका खोलीत राहत असतील तर नळ कुणी उघडा ठेवला हे लगेच सांगता येत नाही.

मग वोल्बाकिया किंवा कार्डिनियम माणसाला होतो का?

लाल कोळ्यातला नाही. भाजी धुऊन खा, ते वेगळ्या कारणांसाठी.

वोल्बाकियाचे डास सोडतात, तसे वोल्बाकियाचे कोळी सोडून लाल कोळी संपवता येईल?

कल्पना सुचते खरी. पुद्दुचेरीच्या आयसीएमआर संस्थेने वोल्बाकिया असलेला एडिस डास 2022 मध्ये तयार केल्याची बातमी आल्यापासून हा प्रश्न मला हमखास येतो. पण डासाचा नर चावत नाही, म्हणून नर सोडले तरी कुणाला त्रास नाही. कोळ्याचा नरही पान शोषतोच. शिवाय विसंगतीत मुलगे जगतात, म्हणजे पैदास पूर्ण थांबत नाही. त्यात दहा-बारा दिवसांत एक पिढी, आणि शेतात कोळी लाखांनी. मला तरी हे उघड्या शेतात जमण्यासारखं वाटत नाही.

अँटिबायोटिक फवारून ब्रेव्हिपाल्पसचा जिवाणू मारला तर?

कृपा करून नको. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक मारायची सवय आपल्याकडे आहे आणि त्यात टेट्रासायक्लिनचा थोडा अंश असतो, म्हणून लोक विचारतात. प्रयोगशाळेत औषधात भिजवलेल्या कापसावर पान ठेवून, दिवसेंदिवस कोळी त्यावरच वाढवावे लागतात. बागेत तसं होत नाही. तुम्ही फक्त मातीतल्या जिवाणूंना औषधाला निर्ढावलेलं कराल.

आम्ही मित्रकोळी, म्हणजे लाल कोळी खाणारे शिकारी कोळी, पाळतो. दोन ठिकाणचा माल एकत्र केला तर चालेल?

आधी छोटी चाचणी घ्या. शिकारी कोळ्यांतही विसंगती असते. मेटासेय्युलसमध्ये ग्रस्त नर आणि साधी मादी अशी जोडी लागली की अंडी मोजकीच मिळतात आणि त्यातली काही सुकून जातात. एका जागचा माल ग्रस्त, दुसऱ्या जागचा नाही, असं असेल तर एकत्र केल्यावर पैदास घटते आणि आपण खाद्याला नाहीतर आर्द्रतेला दोष देत बसतो. दोन्ही बाजूंनी दहा-दहा जोड्या लावा, उलटसुलट. अंडी मोजा.

तपासणी कशी करतात?

पीसीआरने, म्हणजे जिवाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो आहे की नाही हे पाहणाऱ्या चाचणीने. कोळी तीव्र अल्कोहोलमध्ये टाकून पाठवायचे, साध्या पाण्यात नाही. एकाच कोळ्यात डीएनए फार थोडा असतो, म्हणून बऱ्याचदा अनेक मिळून एक नमुना करतात. मग त्यातले किती ग्रस्त ते कळत नाही, ही त्याची किंमत. शिकारी कोळी असेल तर त्याला आधी उपाशी ठेवा. त्याच्या पोटात नुकताच खाल्लेला लाल कोळी असेल तर त्या लाल कोळ्याचा वोल्बाकिया शिकाऱ्याच्या नावावर चढतो. अहवालात "पॉझिटिव्ह" लिहून येतं आणि सहा महिने भलत्याच वाटेने जातात.

घरी बसून यातलं काही पाहता येईल?

दहापट भिंग पुरे. जाळी धरलेलं वांग्याचं पान तोडा आणि खालची बाजू वर करा. अंडाकृती, मोठी, दोन काळे ठिपके असलेली ती मादी. लहान, मागे निमुळता, सारखा पळणारा तो नर. शिरेच्या आडोशाला एखादी मादी पाय आखडून, चांदीसारखी चमकत, निश्चल पडलेली दिसेल, ती शेवटची कात टाकायच्या बेतात असते. तिच्या पाठीवर किंवा अगदी शेजारी एक नर तासन्‌तास बसून असतो. दुसरा नर आला की पुढचे पाय उगारतो. पान लवकर सुकतं, म्हणून देठाला ओला कापूस गुंडाळून ठेवा, म्हणजे संध्याकाळपर्यंत बघता येईल.